अँटेने वाढले म्हणून भरवसा वाढत नाही

दूरसंचाराच्या क्षेत्रात एक वाक्य इतक्या सहजपणे उच्चारलं जातं की त्याला कोणी हटकतही नाही: स्पेस-टाइम कोडिंग आता इतिहासजमा झालं. टॉवरवर एकाच पेटीत चौसष्ट अँटेने बसतात, फोन आणि टॉवर एकमेकांना सतत वाटेची खबर देत असतात, चुकलेलं पॅकेट क्षणात पुन्हा मागवता येतं. मग दोन अँटेन्यांमधून काय, कधी आणि कोणत्या रूपात पाठवायचं याची नव्वदच्या दशकातली गणितं आता कशाला उगाळायची, असा हा युक्तिवाद. अभ्यासक्रमातून हा भाग काढून टाका, ही मागणी त्याच्याच पाठोपाठ येते.

असं म्हणणारे लोक अजाण नाहीत. त्यांच्यात या विषयातले अव्वल अभ्यासक आहेत, म्हणून त्यांना उत्तरही मुद्द्याला धरूनच द्यायला हवं. माझं म्हणणं असं की ज्या मापाने हे वाक्य खरं ठरतं, ते मापच भलत्या जागी लावलं जातं आहे. सरासरी वेग मोजायचा असेल तर ते बरंचसं बरोबर आहे. पण संपर्क मुळात लागतो की नाही आणि लागलेला टिकतो की नाही, हे सरासरी वेगावरून कळत नाही.

आधी हिशेब मांडू. टॉवरवरून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच सरळ वाटेने येत नाही. भिंती, गाड्या, झाडं, टेकड्या यांवर आपटून तिच्या अनेक प्रती निरनिराळ्या वाटांनी येतात आणि फोनपाशी एकमेकींत मिसळतात. कधी त्या एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खोडतात. फोन चार बोटं सरकवला तरी चित्र पालटू शकतं. या चढउताराचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं गणिती रूप रेलेच्या नावाने ओळखलं जातं. त्या गणिताप्रमाणे एकच अँटेना असेल, तर सिग्नलची शक्ती सरासरीच्या शंभराव्या हिश्शाखाली जाण्याची शक्यता जवळजवळ १ टक्का येते. म्हणजे १०,००० वेळांत साधारण १०० वेळा सिग्नल बुडतो.

आता टॉवरवर दुसरा अँटेना लावा. एकूण शक्ती तेवढीच ठेवून दोघांत निम्मी निम्मी वाटा आणि दोन्हींतून एकच सिग्नल एकाच वेळी पाठवा. दोन्ही वाटा एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तरी बुडण्याच्या शक्यतेत फरक शून्य. दोन लहरींची हवेत जी बेरीज होते तिचं वागणं पुन्हा रेलेचंच असतं. १०,००० मधले १०० तसेच राहतात. अँटेने दुप्पट झाले, खर्च वाढला, भरवसा होता तिथेच. याच दोन अँटेन्यांमधून स्पेस-टाइम कोडिंगमधल्या अलामूटी यांच्या पद्धतीने (ती पुढे सांगतो) पाठवा, आणि १०० च्या जागी साधारण २ येतात. शक्ती तीच, अँटेने तेच, शक्तीची सरासरीसुद्धा तंतोतंत तीच. बदलला तो फक्त कोड.

या वादाचं सगळं मर्म मला या तीन आकड्यांत दिसतं. सरासरी तिन्ही प्रकारांत एकच आहे. जो माणूस फक्त सरासरीकडे बघतो, त्याला १०० आणि २ यांतला फरक दिसणारच नाही, आणि तो प्रामाणिकपणे म्हणेल की कोडने काही साधलं नाही.

सियावश अलामूटी यांनी ही कृती ऑक्टोबर १९९८ मध्ये आयईईईच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की समीकरणाशिवाय सांगता येते. पाठवायची दोन चिन्हं आहेत, अ आणि ब. दोन्ही संमिश्र संख्या. पहिल्या क्षणी पहिला अँटेना अ पाठवतो आणि दुसरा ब. दुसऱ्या क्षणी पहिला अँटेना ब ची अनुबद्ध संख्या ऋण चिन्ह लावून पाठवतो आणि दुसरा अ ची अनुबद्ध संख्या. घेणाऱ्याकडे दोन क्षणांत दोन मिश्रणं येतात. दोन वाटांनी सिग्नलवर काय परिणाम केला हे त्याला ओळखीच्या खुणेच्या सिग्नलवरून, म्हणजे पायलटवरून, कळलेलं असतं. तो त्या मापांनी गुणून बेरीज करतो, आणि ब चा भाग अ च्या हिशेबातून पूर्ण नाहीसा होतो. उरतो तो अ, पहिल्या वाटेची शक्ती अधिक दुसऱ्या वाटेची शक्ती एवढ्या बळाने. ब चंही तसंच. दोन्ही वाटा एकाच वेळी बुडाल्या तरच चिन्ह हरवतं. दोन क्षणांत दोन चिन्हं गेली, म्हणजे वेगही घटला नाही.

आणि मुख्य गोष्ट, जी विरोधक पटकन ओलांडून जातात: पाठवणाऱ्याला वाटेची काडीचीही माहिती लागली नाही. वाट ठाऊक असती तर याच दोन अँटेन्यांनी दुप्पट शक्ती पोचवली असती, हे मला मान्य आहे. माहिती असेल तर ती वापरायलाच हवी. वाद आहे तो माहिती नसतानाचा.

विरोधी बाजूची सर्वांत भक्कम मांडणी मला एंजल लोझानो आणि निहार जिंदल यांच्या २०१० च्या लेखात दिसते. त्यांनी विचारलं, अनेक अँटेने हाताशी असताना ते भरवशासाठी वापरावेत की एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवून वेगासाठी? त्यांचं उत्तर होतं, वेगासाठी. कारण आजच्या यंत्रणेत भरवसा इतर मार्गांनी आधीच मिळालेला असतो. सिग्नल दहा-वीस मेगाहर्ट्झवर पसरलेला असतो, त्यामुळे एक भाग बुडाला तरी दुसरा तरतो. पॅकेट चुकलं तर ते पुन्हा पाठवलं जातं, आणि आधीच्या तुकड्याशी जुळवून वाचलं जातं. वेग परिस्थितीप्रमाणे क्षणोक्षणी बदलला जातो. एवढं सगळं असताना अँटेन्यांकडूनही वेगळा भरवसा मागणं म्हणजे वेग वाया घालवणं. हा युक्तिवाद मला त्याच्या चौकटीत बिनतोड वाटतो. फोनवर व्हिडिओ बघणाऱ्यासाठी तो बरोबरच आहे.

वेगाच्या बाजूला मी कमी लेखतो असं कोणी समजू नये. अनेक अँटेन्यांमधून वेगवेगळे प्रवाह एकाच वेळी पाठवण्याच्या कल्पनेचं १९९४ मधलं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या नावावर आहे. कैलाथ जन्मले पुण्यात आणि अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. पुढे बेल लॅब्जमध्ये फोशिनी आणि टेलातार यांनी या मार्गाने किती वेग गाठता येतो याचं गणित पक्कं केलं. आजचं वाय-फाय आणि आजचा मोबाइल त्यावर उभा आहे.

पण लोझानो आणि जिंदल यांनी दोन अटी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत: बहुतेक आधुनिक यंत्रणांत, आणि त्या यंत्रणा ज्या पातळीवर चालवल्या जातात त्या पातळीवर. लेख पुढे तोंडोतोंडी गेला आणि वाटेत या दोन्ही अटी गळाल्या. ‘बहुतेक’ चं ‘सगळ्या’ झालं आणि ‘या पातळीवर’ चं ‘कायमचं’. माझा प्रतिवाद त्या लेखाशी कमी आणि त्याच्या नावाने चाललेल्या या सरसकट निकालाशी जास्त आहे.

त्यांनी उदाहरणासाठी एलटीई निवडलं होतं, म्हणजे आपलं ४जी. त्याच एलटीईत फोन चालू केल्यावर काय घडतं ते बघा. फोनला अजून काहीच ठाऊक नसतं. टॉवरला फोन अस्तित्वात असल्याचंही ठाऊक नसतं. फोन प्रथम एक छोटासा संदेश शोधतो. पट्ट्याच्या मधोमध ७२ उपवाहक लहरींवर तो येतो. त्यात २४ बिट माहिती असते: पट्टा किती रुंद आहे, सध्या कितवी चौकट चालू आहे वगैरे. तिच्यासोबत पडताळणीचे १६ बिट असतात. हा संदेश वाचता आला नाही तर पुढे काहीच नाही; ना कॉल, ना इंटरनेट, ना १०० नंबर. टॉवर किती अँटेन्यांमधून बोलतो आहे हेही फोनला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून फोन तीन शक्यता धरून बघतो: एक, दोन किंवा चार. पडताळणीच्या १६ बिटांवर अँटेन्यांच्या संख्येप्रमाणे वेगळा मुखवटा चढवलेला असतो, आणि जी शक्यता धरल्यावर पडताळणी जुळते ती खरी. यातली दोन अँटेन्यांची शक्यता तपासताना फोन जे गणित करतो ते अलामूटी यांचं आहे. फक्त दोन क्षणांच्या जागी १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या दोन शेजारी उपवाहक लहरी घेतल्या आहेत. चार अँटेने असतील तर तीच कृती जोड्या करून वापरतात.

इथे ‘चुकलं तर पुन्हा मागवा’ हा उपाय नाही, कारण फोनला अजून तोंडच फुटलेलं नाही. ‘वाट बघून नेम धरा’ हाही उपाय नाही, कारण टॉवर कोणाकडे नेम धरणार? ‘पट्टा रुंद करा’ हेही नाही. संदेश जेमतेम १ मेगाहर्ट्झमध्ये बसवलेला आहे. विरोधकांच्या युक्तिवादाचे तिन्ही आधार इथे एकदम नाहीसे होतात. वेगाच्या बाजूने ज्या यंत्रणेची साक्ष काढली, तिचंच दार या कोडने उघडतं.

हा एकच अपवाद आहे असंही नाही. एनबी-आयओटी हे मीटर आणि सेन्सर यांच्यासाठी बांधलेलं तंत्र घ्या. त्याचा पट्टा अवघा १८० किलोहर्ट्झ. जिन्याखालच्या लोखंडी पेटीतलं मीटर वर्षानुवर्षं एका जागी असतं, त्यामुळे त्याची वाट बुडालेली असेल तर ती आपोआप सुधारण्याची शक्यता कमी. या तंत्रात टॉवरकडून येणारा संदेश २,०४८ पर्यंत वेळा पुन्हा पाठवायची सोय आहे. पण वाट तीच राहिली तर प्रत्येक वेळी तोच बुडालेला सिग्नल येतो. शक्ती साठत जाते, नशीब बदलत नाही. दुसरा अँटेना आणि त्याला साजेसा कोड नशीब बदलतो. तशी सोय त्या मानकात ठेवली आहे, आणि ती ठेवणाऱ्यांनी जुन्याच्या प्रेमापोटी ठेवलेली नाही.

विमानाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. चाचणीसाठी उडणारं विमान आपली मापं सतत जमिनीवर पाठवत असतं. विमान वळलं, उलटलं की त्याचं धड मध्ये येतं, म्हणून एक अँटेना वर आणि एक खाली लावतात. दोन्हींतून एकच सिग्नल सोडला, तर ज्या कोनात दोन्ही अँटेने जमिनीवरून दिसतात त्या कोनात दोन लहरी एकमेकींना खोडू लागतात. सुरक्षिततेसाठी लावलेला दुसरा अँटेना पहिल्याचाही सिग्नल बुडवतो. मापं हवी असतात नेमकी विमान कसरत करत असताना, आणि संपर्क तुटतो तोही तेव्हाच. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मायकेल राइस आणि मायकेल जेन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर अलामूटी यांच्याच जातीचा कोड लावला, आणि चाचणी-उड्डाणांच्या टेलिमेट्रीसाठी असलेल्या आयआरआयजी १०६ या मानकात तो पुढे दाखल झाला. अँटेना जोडला की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावं. इथे अँटेना जोडल्याने दुखणं वाढलं आणि कोडने ते बरं केलं.

लोझानो-जिंदल यांची दुसरी अट होती पातळीची. तेव्हाच्या यंत्रणांत शंभरातलं एखादं पॅकेट चुकलं तरी चालत असे. त्या पातळीवर भरवशाचे बाकीचे उपाय पुरतात. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ५जीसाठी जी किमान अपेक्षा लिहिली, तिच्यातला एक भाग असा: ३२ बाइटचा संदेश १ मिलिसेकंदात पोचावा आणि अपयश १ लाखात १ हून जास्त नसावं. १ मिलिसेकंदात पुन्हा पुन्हा मागवायला वेळ कुठे? रेलेच्या गणिताने, अरुंद पट्ट्यावर आणि एकाच अँटेन्यावर, १ लाखात १ एवढ्यावर अपयश रोखायचं तर शक्ती गरजेच्या १ लाखपट ठेवावी लागते. दोन अँटेने आणि अलामूटी यांचा कोड असेल तर सुमारे ४५० पट पुरते. पट्टा रुंद असेल तर दोन्ही आकडे खाली येतील, हे खरं. तरी १ लाख आणि ४५० यांच्यातली दरी कोणत्या बाजूला बोट दाखवते, ते स्पष्ट आहे.

आता माझ्या विरोधातला सर्वांत मोठा पुरावा. ५जीच्या मानकात अलामूटी यांचा कोड नाही. एलटीईत होता, तो काढला. विरोधक हे विजयाचं निशाण म्हणून दाखवतात, आणि वस्तुस्थिती म्हणून ते खरंच आहे. पण त्याच्या जागी काय आणलं ते बघायला हवं. ५जीचा टॉवर आपला पहिला संदेश एकामागून एक दिशांना फिरवून पाठवतो. ३ गिगाहर्ट्झच्या खाली ४ दिशांपर्यंत, ३ ते ६ गिगाहर्ट्झमध्ये ८ पर्यंत, आणि त्याच्या खूप वरच्या पट्ट्यांत ६४ पर्यंत. एलटीईत जे एका खेपेत कोडने साधलं जाई, ते इथे वेळ खर्चून साधतात. उंच पट्ट्यात ते शहाणपणाचंही आहे, कारण तिथे नेम धरल्याशिवाय लहर पोचतच नाही. नियंत्रण संदेशांसाठी पट्ट्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना निरनिराळी दिशा देऊन त्या सगळ्यांवर चुका दुरुस्त करणारा एकच पोलर कोड पसरवता येतो. एक दिशा बुडाली तर दुसरीतून अर्थ लागतो. म्हणजे एकच माहिती अनेक अँटेन्यांच्या अनेक वाटांवर कोडच्या साहाय्याने वाटून ठेवणं, हे तत्त्व जागचं हललेलं नाही. त्याचा एक विशिष्ट नमुना मानकाबाहेर गेला. नमुना गेला म्हणून तत्त्व मेलं, असा निकाल देणं हे वाचन कमी पडल्याचं लक्षण आहे.

चौसष्ट अँटेन्यांचा युक्तिवादही असाच तपासून घ्यायला हवा. थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं की टॉवरवर अँटेने खूप वाढवले आणि फोनकडून आलेल्या खुणेवरून वाट मोजली, तर चढउतार जवळजवळ सपाट होतात. सुंदर निष्पत्ती आहे ती. पण तिचा पाया वाट मोजण्यात आहे. ३.५ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एवढं अंतर ३ मिलिसेकंदांत कापते. मोजलेली वाट तेवढ्यात शिळी होते. अँटेने कितीही असोत, शिळ्या माहितीवर धरलेला नेम चुकतोच.

राहिला शेवटचा आक्षेप, की हे सगळं गणितज्ञांचं खेळणं होतं. यात थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. वाहिद तारोख, नंबी शेषाद्री आणि रॉबर्ट कॅल्डरबँक यांनी मार्च १९९८ मध्ये अशा कोडची कसोटी मांडली: दोन वेगवेगळ्या संदेशांच्या सारण्यांच्या (कोणत्या क्षणी कोणता अँटेना काय पाठवतो ती मांडणी) वजाबाकीची कोटी जितकी मोठी तितका भरवसा जास्त, आणि निश्चयक जितका मोठा तितकी शक्तीची बचत जास्त. मग शोध सुरू झाला. २००३ मध्ये सेतुरामन, सुंदर राजन आणि शशिधर यांनी डिव्हिजन अल्जिब्रामधून असे कोड बांधायची वाट दाखवली. त्यातलं बरंच काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. २००५ मध्ये बेल्फिओर, रेकाया आणि व्हितेर्बो यांनी सुवर्ण गुणोत्तरावर उभारलेला गोल्डन कोड प्रसिद्ध केला. तो वेगही पुरा देतो आणि भरवसाही पुरा देतो. आणि तरीही तो आपल्या फोनपर्यंत आला नाही. कारण उघड आहे. प्रत्येक चिन्हाला १६ पर्याय असतील तर गोल्डन कोडमध्ये चार चिन्हं एकत्र गुंफलेली असतात, म्हणजे सरळ तपासायला गेलं तर ६५,५३६ शक्यता. अलामूटी यांच्या कृतीत चिन्हं सुटी होतात: १६ आणि १६, संपलं. हुशार शोधपद्धती वापरून ६५,५३६ पैकी बहुतेक टाळता येतात, पण फोनच्या चिपला प्रत्येक क्षणी ठरावीक वेळेत उत्तर हवं असतं. सोपं ते टिकलं.

पण यावरून गणित फुकट गेलं असं ठरत नाही. दोन अँटेन्यांसाठी जे जमतं ते तीन किंवा चारांसाठी पूर्ण वेगाने का जमत नाही, हे गणितानेच सांगितलं. तारोख, जाफरखानी आणि कॅल्डरबँक यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न हुर्विट्झ आणि राडोन यांच्या जुन्या सिद्धान्तांशी जोडला. चिन्हं सुटी ठेवायची असतील तर संमिश्र संख्यांत पूर्ण वेग फक्त दोन अँटेन्यांना शक्य आहे. तीन आणि चारांना जास्तीत जास्त तीन चतुर्थांश. अलामूटी यांची सारणी म्हणजे हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्निअनचं रूप. एलटीईत चार अँटेन्यांसाठी जोड्या करून काम का भागवलं, हे हा निष्कर्ष ठाऊक असणाऱ्याला लगेच उमगतं. ज्याने तो शिकलेलाच नाही, तो चार अँटेन्यांसाठी तसाच कोड शोधण्यात उमेदीची वर्षं घालवील. काय अशक्य आहे हे आधी कळणं अभियंत्याच्या फार उपयोगाचं असतं.

म्हणून अभियांत्रिकीच्या शिक्षकांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. हा भाग काढू नका. जुन्या पद्धतीने, फळ्यावर सारण्या उतरवून शिकवत असाल तर ती पद्धत जरूर बदला. विद्यार्थ्यांकडून संगणकावर तीन आलेख काढून घ्या: एक अँटेना, दोन अँटेने एकाच सिग्नलसह, आणि दोन अँटेने अलामूटी यांच्या कोडसह. मग त्यांच्या हातात लोझानो आणि जिंदल यांचा लेख द्या, त्यातल्या अटींसकट. कोणत्या परिस्थितीत कोणाचं बरोबर आहे, ते त्यांना आलेखांवरून ठरवू द्या.